न ऐकलेली चार मिनिटं बारा सेकंद

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कंपनीचे संचालक माननीय पाक लुक्मितो, या कार्यक्रमासाठी जहाज धक्क्याला लावून तडक इथे आलेले प्रमुख पाहुणे कप्तान पातियासिना, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या सत्कारमूर्ती बु मुर्जियाती, समोर खुर्च्यांवर बसलेले माझे सहकारी, आणि त्या भिंतीवरच्या पडद्यावर चौकोनाचौकोनांत बसलेले माझे उरलेले सहकारी, आपणा सर्वांना माझं आदरपूर्वक अभिवादन.

पडद्यावरच्या मंडळींना आधी एक विनंती. चेहरे दाखवा. तेवीस चौकोन आहेत आणि त्यातले सतरा काळे. एकतीस वर्षं काम केलेल्या बाईंना निरोप द्यायचा तो काय अंधारातून? केस विंचरले नसतील तर राहू द्यात. माझेही कुठे धड आहेत... हां, आले. आठ आले. बाकीचे बहुतेक आंघोळीला गेलेत.

मला पाच मिनिटं दिली आहेत. पाक लुक्मितो, मी पाच मिनिटांत आटपणार नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला सारखं घड्याळ बघायला नको. भाषण लिहून आणलंय. मुलीनं टाइप करून दिलंय, दोन पानं आहेत, त्यात 'दीपस्तंभ' हा शब्द तीनदा आलाय. सकाळपासून ते खिशात घालून मी हा जिना चारदा चढलो-उतरलो. तीन कॉफ्या झाल्या. बायको म्हणाली, "निरोप त्यांचा आहे का तुमचा?" काय सांगणार तिला! पानं ही इथे ठेवतो. वाऱ्यानं उडाली तर उचलू नका.

तर बु मुर्जियाती. बाई म्हणा, आई म्हणा, आपल्या सगळ्यांच्या त्या नुसत्या 'बु'. आपल्या सुराबायाच्या या कचेरीत, याच तिसऱ्या मजल्यावर, पूर्वेकडच्या बेटांना जाणाऱ्या जहाजांत कुठला माल कुठे रचायचा, कुठल्या बंदराला कधी पोचायचं, हे ठरवणाऱ्या टेबलावर त्यांनी एकतीस वर्षं काढली. मी इथे लागलो तेव्हा त्यांना नऊ वर्षं झाली होती आणि मला मिशा नव्हत्या. त्यांचं टेबल कुठे होतं आठवतंय? ते तिथे, आता जिथे फुलांचा तो भला थोरला फलक उभा केलाय. बरोबर पिण्याच्या पाण्याच्या त्या मोठ्या उलट्या बाटलीशेजारी. ते टेबल त्यांना मानानं दिलं नव्हतं बरं का. सतत ये-जा, सतत बुडबुड आवाज, म्हणून ती जागा कोणालाच नको होती. त्यांनी मागून घेतली.

का मागून घेतली, ते मला सहाव्या महिन्यात कळलं. मी फोनवर होतो, गोदामाच्या माणसाशी बोलत होतो. त्याला म्हणालो, तांदळाची पोती त्या मोकळ्या खणात लावून टाक. आणि पाठीमागून आवाज आला, "हर्सो, भात रॉकेलात शिजवणार आहेस का?"

मी वळून बघितलं. बु हातात पेला घेऊन उभ्या. माझ्याकडे बघतसुद्धा नव्हत्या, पाणी किती भरलं ते बघत होत्या. मी म्हटलं, "का हो बु?" तर म्हणाल्या, "त्या खणात गेल्या फेरीला रॉकेलची पिंपं होती. धुतलाय, पण वास मुरलेला असतो. बेटावरची पोरं आठवडाभर डोकं दुखतंय म्हणून रडतील." आणि गेल्या आपल्या टेबलाकडे.

झालं. एवढंच शिक्षण. ना वर्ग, ना पुस्तक, ना परीक्षा. बावीस वर्षांत त्यांनी मला एकदाही 'बस, तुला शिकवते' म्हटलेलं नाही. त्या नुसत्या कान देऊन असायच्या. आपल्यापैकी कोणीही फोनवर चुकीची तारीख बोललं, चुकीचं बंदर बोललं, की पाण्याच्या बाटलीपासून एक वाक्य यायचं. कधी टोमणा, कधी नुसतं "हं?" आणि त्या 'हं'नं आपला घसा कोरडा पडायचा. तिथे पाणी होतंच म्हणा.

आणि त्या बकऱ्या! हसताय म्हणजे आठवतंय तर. लामोरा बेटावर आपला जो बंदरातला माणूस आहे, मातेउस, त्याला बु रोज दहा वाजता फोन करायच्या. पहिली दहा मिनिटं बकऱ्या. काळी व्यायली का, लंगडीचा पाय बरा आहे का, बोकड विकला का नाही. मी तेव्हा नवा नवा हुशार होतो. मी म्हटलं, "बु, कंपनीच्या फोनवर बकऱ्यांची काय चौकशी करता?" तर म्हणाल्या, "मातेउसला बंदराचं विचारलं की तो 'सगळं ठीक' म्हणतो. बकऱ्यांचं विचारलं की खरं बोलायला लागतो." आणि खरंच, अकराव्या मिनिटाला तो सांगायचा की बकरी नदीकाठी चरायला जात नाही हल्ली, कारण काठच वाहून गेला. काठ गेला म्हणजे गाळ कुठे गेला? धक्क्यापाशी. हे कुठल्या तक्त्यात येतं, सांगा!

आता मी ज्या गोष्टीवर येणार आहे ना, तिच्यावर यायला मला नको वाटतंय. म्हणून मी बकऱ्यांत रमलोय. असो.

महासाथ आली, कचेरी बंद झाली, आपण सगळे घरी गेलो. तेव्हा नाइलाज होता. पण पुढे, घरून काम करणं कायमचं करावं असा प्रस्ताव कोणी दिला? पाक लुक्मितोंनी नाही. उगाच जेवणाच्या टेबलावर त्यांना नावं ठेवू नका. प्रस्ताव मी दिला. हर्सोनो, नियोजन विभाग. रंगीत आलेख काढले होते. आणि खोटं सांगत नाही, मी सुखात होतो. सिदोआर्जोहून रोजचा दोन तासांचा धूर आणि धक्के वाचले. मुलगी सायकल शिकली ती माझ्या डोळ्यांदेखत शिकली. आलेखही खोटे नव्हते. कामं वेळेआधी होत होती, पत्रं लगेच जात होती, बैठका अर्ध्या तासात संपत होत्या. कशा नाही संपणार? कोणी काही विचारतच नव्हतं!

आपली माणसं कशी आहेत, ते मी तुम्हाला काय सांगू. आपण भिडस्त. कचेरीत असताना बुंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला की समजायचं, आता विचारलं तर चालेल. घरी? घरी त्या काय करतायत कोणाला माहीत? आत्ता नमाजाची वेळ असेल, आत्ता जेवत असतील, आत्ता यजमानांना औषध देत असतील. साध्या प्रश्नासाठी वडीलधाऱ्या बाईच्या घरात फोन वाजवायचा? छे, छे. उद्या विचारू. मग उद्याही तेच. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही खोटं नाही. आपण तिला घराघरांत नेऊन बसवली.

आणि दुसरं म्हणजे आपलं ते लाडकं 'सियाप', म्हणजे 'जी, तयार'. समजलं तरी सियाप, नाही समजलं तरी सियाप. करतो म्हणायचं असलं तरी सियाप आणि करणार नाही म्हणायचं असलं तरीही सियापच. समोरासमोर असताना या शब्दाला चेहरा होता. निंग्रुमसारखी एखादी नवी मुलगी पायाच्या अंगठ्याकडे बघत 'सियाप' म्हणाली असती, तर बुंनी लगेच म्हटलं असतं, "म्हणजे कळलं नाही. ये इकडे." फोनवर टाइप केलेल्या सियापला पायाचा अंगठा कुठून आणणार? अकराच्या अकरा सियाप एकसारखे, एकाखाली एक.

निंग्रुमचं नाव घेतलं, तर सांगून ठेवतो. ती पडद्यावर आहे, वरच्या रांगेत दुसरी, मालांगहून. घरून काम सुरू झाल्यावर लागली. हुशार पोरगी. आज तीन वर्षं झाली, आणि तिनं आणि बुंनी एकमेकींना अजून प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. एका टेबलाची माणसं!

घरी गेल्यावर बुंनी काय केलं? त्यांना पाण्याच्या बाटलीपासून बोलता येईना, म्हणून त्या व्हॉइस मेसेज पाठवायला लागल्या. लांबच्या लांब. मागे कोंबडा आरवतोय, नातू रडतोय, बांग होतेय, आणि मधून बु बोलतायत. आधी तब्येतीची चौकशी, मग कोणाच्या तरी लग्नाचं, मग शेजाऱ्यांचं, आणि कामाचं वाक्य अगदी शेवटी. आपण त्याला काय म्हणायचो? 'बुंचं रेडिओ केंद्र'. हे नाव कोणी ठेवलं? तेही मीच ठेवलं. बु, तुम्हाला ठाऊक नव्हतं ना? ठाऊक होतं म्हणतायत. बघा.

दोन वर्षांपूर्वीचा तो सोमवार. आपलं जहाज मंगळवारी निघायचं होतं. निंग्रुमनं पहिल्यांदाच एकटीनं आराखडा केला आणि दुपारी सगळ्यांच्या ग्रुपमध्ये टाकला. लामोरा बंदराला शनिवारी दुपारी बारा वाजता पोचायचं. भरती-ओहोटीचा तक्ता उघडून, हिशोब करून, नियमाप्रमाणे एकदम बरोबर. खाली अकरा सियाप. त्यातला पहिला माझा, कारण विभागाचं काम मी बघत होतो.

संध्याकाळी मला बुंचा व्हॉइस मेसेज आला. चार मिनिटं बारा सेकंद.

आता विचार करा, त्यांनी ग्रुपमध्येच का नाही लिहिलं? कारण पोरीचा पहिलाच आराखडा. चारचौघांत तिची चूक काढली तर पोरगी खचेल. कचेरीत असत्या तर पेला घेऊन तिच्या टेबलाजवळून गेल्या असत्या आणि कोणाला पत्ता न लागता काम झालं असतं. इथे जवळून जायला टेबलच नाही. म्हणून त्यांनी तिच्या वरच्या माणसाला खाजगीत सांगितलं. रीत म्हणून बघाल तर अगदी आपल्याकडची, सभ्य रीत.

वरच्या माणसानं काय केलं? वरच्या माणसानं तो आकडा बघितला, चार बारा. मनात म्हणाला, 'आलं रेडिओ केंद्र.' आणि न ऐकता उत्तर टाकलं, "सियाप, बु."

दुसऱ्या दिवशी सकाळी, जहाज सुटायच्या आधी, त्यांनी लिहून विचारलं, "हर्सो, ऐकलंस ना?"

मी लिहिलं, "सियाप."

कप्तान, तुम्ही मान खाली घालू नका. पुढचं तुम्हालाच ठाऊक आहे. शनिवारी भर दुपारी पौर्णिमेच्या ओहोटीला जहाज लामोऱ्यापुढे उभं राहिलं आणि धक्क्याला लागेना. तक्त्याप्रमाणे पाणी होतं, प्रत्यक्षात गाळ होता. पुढच्या तीन बंदरांच्या वेळा चुकत होत्या, थांबता येत नव्हतं. जहाजात लामोऱ्याच्या दवाखान्यासाठी ऑक्सिजनचे सोळा सिलिंडर होते. तेवढ्यात कप्तानांचा फोन वाजला. बोला कप्तान, कोणाचा होता? "बुंचा." बघा, कप्तान सांगतायत. त्यांना पहिलं वाक्य अजून पाठ आहे. "कप्तान, पाणी उतरलं ना? मातेउसला मी सांगितलंय, कोळ्यांच्या होड्या निघाल्यात, आधी सिलिंडर उतरवा." आदल्या रात्रभर या बाईंनी बेटावर फोन करून होड्या ठरवून ठेवल्या होत्या. कारण त्यांना कळलं होतं की मी ऐकलेलं नाही.

कसं कळलं? अहो, फोनवरच कळतं. आपण पाठवलेला आवाज समोरच्यानं ऐकला की शेजारचं ते माइकचं छोटं चित्र निळं होतं. नाही ऐकला, तर राखाडी राहतं. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार. बु रोज बघत होत्या. राखाडी.

तुम्ही म्हणाल, मग पुन्हा सांगायचं, ओरडायचं. कोणाला? बढती ठरलेल्या, साहेब झालेल्या हर्सोला? दोनदा 'सियाप' म्हणालेल्या माणसाला तिसऱ्यांदा 'तू ऐकलं नाहीस' म्हणणं म्हणजे त्याला तोंडावर खोटारडा म्हणणं. ते त्यांच्याच्यानं झालं नाही. आणि माझ्या सहीशिवाय कप्तानांना वेळ बदला म्हणायचा अधिकार त्यांना नव्हता. ज्या बाईनं मला 'भात रॉकेलात शिजवतोस का' म्हणून झापलं होतं, तिलाच आता माझी भीड वाटायला लागली होती. याची मला जेवढी लाज वाटते, तेवढी कशाचीच वाटत नाही.

सिलिंडर उतरले. माणसं वाचली. पण बाकीचा माल होड्यांत जाण्यासारखा नव्हता, तो पुढे गेला आणि अकरा दिवसांनी परत सुराबायाला आला. त्यात लामोऱ्याच्या चाळीस घरांचं कांद्याचं बियाणं होतं. कुजलं. त्यांचा लावणीचा हंगाम गेला. आपण त्यांना भरपाई दिली, पत्र पाठवलं. भरपाईला कोंब फुटत नाहीत.

त्या शनिवारी संध्याकाळी मी तो मेसेज ऐकला. घराच्या मागच्या दारी उभा राहून. आधी माझ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी. मग कोंबडा. मग, तीन मिनिटं चाळीस सेकंदांनंतर, "हर्सो, त्या पोरीला रागावू नकोस, तिनं तक्ता नीट वाचलाय, तक्ताच चुकतोय. लामोऱ्याला गाळ आलाय, पौर्णिमेच्या दोन दिवस मागेपुढे दुपारी तिथे जायचं नाही. पहाटे सहाच्या आत गाठा नाहीतर तीन दिवस थांबा. आणि हे तिला तुझ्याकडूनच कळलं असं सांग, माझं नाव नको, नाहीतर ती मला बिचकेल."

चित्र निळं झालं. आणि ते निळं झालेलं बुंनी बघितलं.

सोमवारी चौकशी झाली. पडद्यावर. पाक लुक्मितो, तुम्ही विचारलंत, आणि तुमचं विचारणं रास्तच होतं, की "तीस वर्षांच्या जवळपास अनुभव असलेल्या माणसाच्या हे नजरेत आलं नाही? आलं असेल तर सांगितलं का नाही?" आपण एका खोलीत असतो ना, तर बुंनी माझ्याकडे नुसतं एकदा बघितलं असतं आणि मी तिथेच पाघळलो असतो. पण पडद्यावर कोण कोणाकडे बघतंय हे कळतंच कुठे? सगळेच सगळ्यांकडे बघतात आणि कोणीच कोणाकडे बघत नाही. मी लपलो. एवढाल्या उजेडात, चेहरा दाखवून, लपलो. मग बु म्हणाल्या, "माझंच सांगायचं राहिलं असेल, पाक. वय झालं."

माझा आवाज तेव्हा बंद होता, बटण दाबलेलं होतं, म्हणून मला बोलता आलं नाही, असं मी दोन वर्षं स्वतःला सांगत आलो. बटण कुठे असतं ते मला चांगलं ठाऊक आहे.

त्यानंतर काय झालं ते इथे प्रत्येकाला माहीत आहे, पण कोणी बोलत नाही. बुंच्या नावावर ठपक्याचं पत्र गेलं. आपल्या कंपनीत तीस वर्षं एकही पत्र नसलेल्या माणसाच्या छातीवर सोन्याची छोटी होडी लावतात. गेल्या वर्षी ती बुंना मिळायला हवी होती. ती मिळाली नाही. आज त्या ताटात त्यांच्यासाठी भिंतीवरचं घड्याळ ठेवलंय. चांगलं घड्याळ आहे. मीच निवडून आणलंय. दुकानात तीन घड्याळं उतरवून घेतली आणि तिन्ही परत टांगायला लावली, दुकानदार म्हणाला, "साहेब, घड्याळ घ्यायचंय का वेळ घालवायचाय?"

आणि निंग्रुमला आराखड्यांवरून काढून कागदपत्रांवर बसवलं. तिला सांगितलं, 'विचारायला हवं होतंस.' कोणाला विचारायचं होतं तिनं? मी मागच्या आठवड्यात तिला फोन केला, तेव्हा ती म्हणाली, "पाक हर्सोनो, मी त्या सोमवारी बुंना सहा वेळा मेसेज लिहिला आणि सहा वेळा पुसला. त्यांचे यजमान आजारी होते ना." म्हणजे मालांगमध्ये एक जण विचारावं की नाही म्हणून पुसत बसली होती, सुराबायात एक जण सांगू का नको म्हणून थांबली होती, आणि मधे मी बसलो होतो, सियाप, सियाप करत.

आता या मजल्याचा भाडेकरार संपतोय. पुढच्या महिन्यापासून इथे दुसरं कोणीतरी येणार. म्हणून कंपनीनं बुंना एक फॉर्म दिला, चौदा पानी, 'ज्ञान हस्तांतरण' नावाचा. त्यात पहिलाच प्रश्न आहे, 'आपल्याला कामासंबंधी जे जे ठाऊक आहे ते सविस्तर लिहा.' बुंनी तो भरून माझ्याकडे पाठवला. या वेळी मी वाचला. चौदाही पानं. तेरा कोरी आहेत. पहिल्या पानावर एकच ओळ आहे. "विचारलं की आठवतं."

मी ती ओळ वाचली आणि मला रडू आलं. ऑफिसची माणसं बसलीत म्हणून लपवत नाही, आलं. यात थट्टा नव्हती, रागही नव्हता. खरंच आहे ते. त्यांचं ज्ञान पाण्याच्या बाटलीशेजारीच होतं, कोणीतरी तहानलेलं यायचं तेव्हा ते वर यायचं. आणि मी आलेख काढून सगळ्यांना आपापल्या घरी पाणी प्यायला पाठवलं. घरून काम करू नका असं मी म्हणत नाही. माझी मुलगी मला घरातून हाकलेल. पण फोन उचला हो. लांबलेला मेसेज ऐका. बकऱ्यांची चौकशी करा.

पाक लुक्मितो, आता तुमच्याशी. मी भर सभेत, कप्तानांच्या साक्षीनं सांगतो. बुंनी कळवलं होतं. दोनदा कळवलं होतं. तो मेसेज अजून माझ्या फोनमध्ये आहे, तारखेसकट. ते पत्र त्यांच्या नावावरून काढा आणि माझ्या नावावर लावा. बढतीचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. निंग्रुमला तिचं काम परत द्या. काय म्हणालात? उद्या बघू? उद्या नको, पाक. उद्या बु नसतील. उद्या ही खोलीही आपली नसेल. आज.

मान हलवलीत. ही मान आपल्या सियापसारखी नाही ना? हसू नका रे, मी गंभीर आहे. "आजच्या कार्यवृत्तात लिहून घ्या," म्हणतायत. आभारी आहे, पाक. खूप आभारी आहे. लिहून घेताय ना? दाखवा मला... हो. लिहिलंय.

बु काहीतरी म्हणतायत. काय? "हर्सो, बस आता, भात गार होतोय." बु, समारंभासाठी रचलेला पिवळ्या भाताचा हा डोंगर मघापासून गार होतोय, अजून दोन मिनिटांनी बिघडणार नाही. आणि... काय? घड्याळ आवडलं म्हणतायत. होडी मिळाली तरी घड्याळ परत देणार नाही म्हणतायत. नका देऊ!

शेवटचं एक काम. निंग्रुम, बाळ, तुझा आवाज चालू कर. तुला दोन वर्षांपासून जे विचारायचंय ते आत्ता विचार. बु इथे समोर बसल्यात, चष्मा काढून टेबलावर ठेवलाय, मी बघतोय. यजमान बरे आहेत, शेवटच्या रांगेत तळलेली केळी खातायत. नमाजाला अजून वेळ आहे. कोणाची भीड नाही. विचार.

मोठ्यानं, पोरी... ऐकलंत सगळ्यांनी? ती म्हणतेय, "बु, मला कळलं नव्हतं. तक्त्यात नसतं ते तुम्हाला कसं कळतं?"

बु उठल्यात. नको, माइक नको म्हणतायत. पडद्याकडे निघाल्यात. वाटेत पाण्याचा पेला घेतलाय हातात, अहो बघा तरी!

मी खाली बसतो. अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि एवढा वेळ ऐकून घेतलेल्या आपणा सर्वांचे मनापासून आभार. भाषणाच्या शेवटी चुकल्यामाकल्याची क्षमा मागायची पद्धत आहे. माझ्या बोलण्यात काय चुकलं असेल ते तुम्ही सोडून द्याल, मला खात्री आहे. पण ज्या दिवशी बोलायचं होतं त्या दिवशी मी बोललो नाही, त्याची क्षमा मी फक्त बुंकडे मागतो, आणि ती त्यांनी लगेच देऊ नये.

आता त्या काय सांगतायत ते सगळे नीट ऐका. आणि कोणीही सियाप म्हणू नका.